होलोकॉस्टवरचा माहितीपट पहिल्यांदा दाखवतात, तेव्हा समोर कोण बसलेलं असतं?

पारिजात

गेले काही महिने होलोकॉस्टवरचे, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावरचे, माहितीपट एकापाठोपाठ एक पाहतेय. पाहता पाहता त्यांच्या पहिल्या खेळांच्या हकीकती गोळा करायचा नाद लागला. कुठे दाखवला, कुणी अडवला, समोर कोण होतं, मान कुणी फिरवली. जे हाती लागलं ते इथे मांडते, कारण या चित्रपटांचा निम्मा इतिहास पडद्यासमोरच्या खुर्च्यांमध्ये घडलाय असं माझं ठाम मत झालंय.

अगदी सुरुवातीचा एक खेळ तर थेट आरोपींसमोरच झाला. तारीख २९ नोव्हेंबर १९४५, जागा न्यूरेंबर्गचं न्यायालय. बड्या नाझी नेत्यांवरचा खटला सुरू होऊन दहा दिवसही झाले नव्हते. अमेरिकन फिर्यादी पक्षाने छळछावण्यांचा साधारण तासाभराचा चित्रपट पुरावा म्हणून दाखल केला. आधी शपथपत्रं वाचली गेली की या चित्रणात काहीही फेरफार केलेला नाही. शपथ घेणाऱ्यांत हॉलिवूडचे दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स होते. दालनात अंधार केला, पण आरोपींच्या कठड्याला दिवे लावून ठेवले होते, त्यांचे चेहरे दिसत राहावेत म्हणून. तुरुंगाचे मानसशास्त्रज्ञ गुस्ताव गिल्बर्ट पडदा सोडून त्या चेहऱ्यांकडेच बघत टिपणं काढत होते. शाख्ट हा एकेकाळचा रीशबँकेचा, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेचा, अध्यक्ष. त्याने हाताची घडी घातली आणि पडद्याकडे पाठ केली. त्याच्यानंतर त्या बँकेचा अध्यक्ष झालेला फुंक रडला. या फुंकच्या काळात मारलेल्या ज्यूंच्या दातांचं सोनं त्याच बँकेच्या तिजोरीत जमा झालं होतं.

इथवर सगळं सरळ आहे. गुन्हेगार एका बाजूला, पुरावा दुसऱ्या बाजूला. पुढचे खेळ मात्र वेगळ्या लोकांसमोर झाले आणि तिथूनच मला यात रस वाटू लागला.

१९५६ मध्ये आलाँ रेनेचा 'नाइट अँड फॉग' आला. फक्त ३२ मिनिटांचा. कान महोत्सवातून तो काढून घ्यावा म्हणून पश्चिम जर्मनीच्या दूतावासाने फ्रेंच सरकारकडे शब्द टाकला, तो स्पर्धेतून बाहेर गेला, त्यावर ओरड झाली आणि शेवटी स्पर्धेबाहेर दाखवला गेला. ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. पण फ्रान्सच्या स्वतःच्या सेन्सॉरला काय खुपलं? एका छायाचित्रात पिथिव्हिए छावणीवर पहारा देणारा शिपाई दिसत होता आणि त्याच्या डोक्यावर फ्रेंच पोलिसांची केपी टोपी होती. प्रेतांचे ढीग दाखवायला परवानगी मिळाली. टोपी झाकावी लागली. रेनेला त्या चित्रावर एक तुळई रंगवावी लागली आणि चित्रपट कित्येक वर्षं तसाच फिरला.

पिथिव्हिए म्हणजे काय ते सांगायला हवं. १६ आणि १७ जुलै १९४२ रोजी पॅरिसमध्ये १३ हजारांहून जास्त ज्यू पकडले गेले, त्यात चार हजारांवर मुलं होती. पकडणारे हात फ्रेंच पोलिसांचे होते. कुटुंबांना सायकल शर्यतींच्या बंदिस्त मैदानात कोंडलं आणि मग पिथिव्हिए आणि बोन-ला-रोलांदच्या छावण्यांत नेलं. तिथे आयांना आधी पाठवलं, मुलं मागे ठेवली आणि नंतर तीही ऑश्विट्झच्या मृत्युछावणीत गेली. त्या एका टोपीत एवढं सगळं होतं. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षाने ही जबाबदारी देशाच्या वतीने उघडपणे मान्य करायला १९९५ साल उजाडलं.

मग मार्सेल ऑफ्युल्सचा 'द सॉरो अँड द पिटी', दोन भागांचा, चार तासांहून मोठा. क्लेरमाँ-फेराँ शहरात जर्मन ताब्याच्या काळात लोक कसे वागले याविषयीचा. केला टीव्हीसाठी, पण फ्रेंच टीव्हीने घेतलाच नाही. १९६९ मध्ये पश्चिम जर्मनीच्या प्रेक्षकांनी तो आधी पाहिला. पॅरिसमध्ये १९७१ साली एका लहानशा थिएटरात लागला आणि लोकांनी रांगा लावल्या. त्यातला एक दुकानदार मला विसरता येत नाही. त्याचं आडनाव क्लाइन, ऐकून कुणालाही ज्यू वाटावं असं. ताब्याच्या काळात त्याने वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की मी ज्यू नाही. ऑफ्युल्स त्याला शांतपणे विचारतो, का दिली? तो माणूस अगदी साधा आहे, चेहऱ्यावर दुष्टपणाचा मागमूस नाही. गिऱ्हाईक तुटू नये एवढंच त्याच्या मनात होतं. थिएटरात बसलेल्या पॅरिसकरांना न्यूरेंबर्गच्या कठड्यातल्या गोअरिंगशी काही नातं सांगायचं नव्हतं. या दुकानदाराशी होतं. फ्रेंच टीव्हीवर तो पट यायला १९८१ उजाडलं.

आणि १९८५ मध्ये क्लोद लांझमानचा 'शोआ'. नऊ तास २६ मिनिटं. अकरा वर्षांचं काम, साडेतीनशे तासांचं चित्रण, जुन्या चित्रफितीची एकही फ्रेम नाही. पॅरिसच्या पहिल्या खेळाला राष्ट्राध्यक्ष मितराँ आले होते. तेच मितराँ, ज्यांनी तरुणपणी विशी सरकारची, म्हणजे जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रेंच सरकारची, नोकरी केली होती. तो तपशील फ्रान्समध्ये गाजायला अजून नऊ वर्षं होती.

माझं म्हणणं असं आहे. या सगळ्या पटांना विरोध झाला तो त्यांतल्या क्रौर्यामुळे झाला नाही. समोरच्या प्रेक्षकाला पडद्यावर आपला माणूस दिसला की विरोध झाला. फ्रान्सला टोपी खुपली, पोलंडला 'शोआ'तले गावकरी खुपले. आणि म्हणूनच हे पट घरी एकट्याने पाहण्यापेक्षा चारचौघांत, सभागृहात दाखवायला हवेत असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं? कुणी अशा खेळाला हजर राहिलं असेल तर जरूर लिहा.

चौकस_वाचक

लेख आवडला, माहितीही नवी होती. पण शेवटचं मत पटलं नाही. सभागृहातच का? १९७९ च्या जानेवारीत पश्चिम जर्मनीत 'होलोकॉस्ट' ही अमेरिकन मालिका लागली होती. माहितीपट नव्हता, कथा होती, मान्य. पण ती लोकांनी घरीच बसून पाहिली ना? सुमारे दोन कोटी जर्मनांनी. प्रत्येक भागानंतर स्टुडिओत इतिहासकार बसायचे आणि हजारोंनी फोन यायचे. रडणारे, शिव्या देणारे, मी तेव्हा तिथे होतो असं सांगणारे. त्याच वर्षीच्या जुलैत जर्मन संसदेने खुनाच्या गुन्ह्याची मुदत कायमची काढून टाकली, म्हणजे नाझी खुन्यांवर पुढेही खटले भरता आले. मालिकेमुळेच झालं असं नाही म्हणणार, ती मागणी जुनीच होती. पण घराघरांत बसलेल्या माणसांनी जे केलं ते कुठल्याही थिएटरला जमलं नसतं.

पारिजात

@चौकस_वाचक, हे उदाहरण हवंच होतं, लिहिलंत ते बरं झालं. पण बघा, ते फोनच मला महत्त्वाचे वाटतात. एरवी टीव्ही बंद केला की विषय संपतो. तिथे मुद्दाम चर्चा लावली होती, फोनसाठी माणसं बसवली होती. म्हणजे घरात बसलेल्यांना एकमेकांसमोर आणायची सोय केली होती. कितीतरी घरांत त्या आठवड्यात मुलांनी बापाला पहिल्यांदा विचारलं की तुम्ही कुठे होतात. माझा भर थिएटरच्या इमारतीवर नाही, तर पाहून झाल्यावर कुणाकडे तरी बघावं लागतं त्यावर आहे.

विस्तुलाकाठी

मी वॉर्सात राहतो, म्हणून पोलंडबद्दल थोडं. 'शोआ' आला तेव्हा इथे जारुझेल्स्कीचं कम्युनिस्ट सरकार होतं. त्यांनी फ्रान्सकडे अधिकृत निषेध नोंदवला. नंतर पोलिश टीव्हीने पोलंडसंबंधीचे भाग दाखवले आणि त्यावर देशभर वाद झाला. ज्यावरून पेटलं तो प्रसंग खेल्मनोच्या चर्चसमोरचा. या गावात नाझींची मृत्युछावणी होती. सिमॉन स्रेब्निक हा त्या छावणीतून वाचलेल्या मोजक्यांपैकी एक. तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा पोरगा होता, पायात बेड्या, आणि एसएसवाले (हिटलरच्या निमलष्करी दलाचे लोक) त्याला नदीत होडीवर बसवून गाणी म्हणायला लावायचे. लांझमान त्याला परत त्याच गावात घेऊन येतो. म्हातारी माणसं त्याच्याभोवती गोळा होतात, त्याला ओळखतात, कौतुकाने बोलतात. आणि बोलता बोलता त्यांतला एक जण ज्यूंनी ख्रिस्ताला मारलं त्याची ही शिक्षा असल्यासारखं काहीतरी सांगू लागतो. स्रेब्निक मधोमध उभा असतो, ओठांवर थिजलेलं हसू.

पण इथल्या माणसांची बाजूही ऐकली पाहिजे. पोलंडमध्ये लाखो बिगर-ज्यू पोलिशही मारले गेले, ज्यूंना आसरा दिला तर अख्ख्या कुटुंबाला मरण होतं, तरीही लपवणारे होते. ते चित्रपटात जवळजवळ नाहीतच. यान कार्स्की स्वतः 'शोआ'त आहे. वॉर्साच्या गेटोत, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, चोरून शिरून त्याने सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि १९४३ मध्ये रूझवेल्टपर्यंत जाऊन सांगितलं. त्याने चित्रपटाची मनापासून स्तुती केली, पण ज्यांनी वाचवलं त्यांच्यावरही असाच एक चित्रपट व्हायला हवा असंही लिहिलं. मला कार्स्कीचं म्हणणं रास्त वाटतं.

शेवगा

या धाग्यावर मला एक वेगळाच प्रश्न विचारायचाय. अब्राहम बोंबाचा प्रसंग. ट्रेब्लिंका या मृत्युछावणीत गॅसने मारण्याआधी बायकांचे केस कापायचं काम ज्यांच्याकडून करून घेतलं त्या न्हाव्यांपैकी हा एक. लांझमानने इस्रायलमध्ये एक सलून भाड्याने घेतलं, बोंबाच्या हातात कात्री दिली, समोर ओळखीचं गिऱ्हाईक बसवलं आणि केस कापता कापता बोलतं केलं. बोंबा आधी एकसुरी, जवळपास हिशेब सांगितल्यासारखं बोलतो. किती न्हावी होते, किती वेळ मिळायचा. मग त्याच्याच गावचा एक न्हावी मित्र आठवतो. त्या मित्राची बायको आणि बहीण त्या दारातून आत आल्या. इथे बोंबा थांबतो. टॉवेलने तोंड पुसतो. नको म्हणतो. आणि लांझमान त्याला सोडत नाही. बोललंच पाहिजे म्हणतो.

मी हे एकदा पाहिलं आणि परत नाही पाहू शकले. एखाद्या माणसाला असं परत तिथे ढकलायचा अधिकार कुणाला आहे? तेही आपण शेकडो जण अंधारात बसून बघतोय म्हणून?

जुना_सभासद

शेवगा, तुमचा प्रश्न आमच्या फिल्म सोसायटीतही निघाला होता आणि त्या संध्याकाळी लोक हॉलबाहेर जिन्यावर उभे राहून तावातावाने बोलत होते. माझं उत्तर तुम्हाला पटेलच असं नाही. बोंबाला आणि लांझमानला न्यू यॉर्कमध्ये आधी भेटून बोलायला अवधी मिळाला होता. काय विचारलं जाणार हे त्याला ठाऊक होतं. आणि तो शेवटी बोलतो. लांझमानने रेटलं नसतं तर त्या मित्राची बायको आणि बहीण यांच्याविषयी जगाला काहीच कळलं नसतं, कारण ते बघणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. ट्रेब्लिंकात सात लाखांपेक्षा कितीतरी जास्त माणसं मारली आणि वाचले ते मूठभर.

ज्यांना मला खरोखर विरोध करावासा वाटतो ती माणसं दुसरी आहेत. फ्रान्झ सुखोमेल हा त्याच ट्रेब्लिंकाचा एसएसवाला. लांझमानने नाव न छापण्याचं वचन देऊन छुप्या कॅमेऱ्याने त्याचं चित्रण केलं. चित्र बाहेर उभ्या केलेल्या गाडीत पोचत होतं, म्हणून ते तसं करडं आणि थरथरतं दिसतं. सुखोमेल नकाशावर काठी फिरवत छावणी समजावून सांगतो, मास्तरासारखा. मग छावणीचं गाणं म्हणून दाखवतो, परत एकदा म्हणतो. तिथे वचन मोडल्याबद्दल मला लांझमानला दोष द्यावासा वाटत नाही.

आणि खेळाच्या बाबतीत एक व्यवहाराची गोष्ट. 'शोआ'चे मूळचेच दोन भाग आहेत, पहिला साधारण साडेचार तासांचा, दुसरा पाच. दोन दिवसांत दाखवा. मध्यंतर मोठं ठेवा आणि त्यात भाषणं ठेवू नका. लोकांना चहा आणि मोकळी हवा लागते. आमच्याकडे एका उत्साही कार्यकर्त्याने मध्यंतरात प्रास्ताविक ठेवलं होतं, ते अर्ध्यात थांबवावं लागलं. कुणाला ऐकायची ताकदच नव्हती.

शेवगा

समजलं. अजूनही मनाला लागतंच ते. पण बोलायला कुणी उरलंच नव्हतं हा मुद्दा मी धरला नव्हता.

चौकस_वाचक

नऊ तास कुणी आजच्या काळात बसेल का पण? सबटायटल वाचत?

पारिजात

बसतात. आणि तो संथपणाच या चित्रपटाचं काम करतो असं मला वाटतं. साक्षीदार पोलिशमध्ये बोलतो. लांझमानला पोलिश येत नाही. शेजारी दुभाषी बाई उभी असते, ती ऐकून घेते आणि मग फ्रेंचमध्ये सांगते. दुसरा कुठलाही दिग्दर्शक हा वेळ कापून टाकेल. इथे तो तसाच ठेवलाय. तोपर्यंत तुम्ही बोलून थांबलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघत राहता. वाक्य आधी चेहऱ्यावर येतं, अर्थ मागून येतो. घरी पाहताना नेमकी इथेच बोटं फोनकडे जातात. सभागृहात शेजारचा बसलाय म्हणून तुम्हीही बसता.

राऊल हिलबर्गचा प्रसंग आठवा. आयुष्यभर या विषयाच्या कागदपत्रांत बुडालेला इतिहासकार. हातात जर्मन रेल्वेचा एक साधा हुकूम, गाडी क्रमांक, वेळा, थांबे. गाडी भरून ट्रेब्लिंकाला जाते आणि रिकामी परत येते. तो एकेक ओळ बोट ठेवून वाचतो. कागदावर 'ठार मारणे' हा शब्द कुठेच नाही. रेल्वेच्या कारकुनांनी तिकिटाचे पैसेही लावले होते, मुलांना अर्धं तिकीट. आपल्यातल्या ज्यांनी सरकारी कचेरीत काम केलंय त्यांनी तो भाग जरूर पाहावा.

मिडवेस्टातून

मला अमेरिकेतला अनुभव सांगायचाय. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये केन बर्न्स, लिन नोविक आणि सारा बॉटस्टाइन यांची 'द यूएस अँड द होलोकॉस्ट' ही मालिका पीबीएस या इथल्या सार्वजनिक वाहिनीवर आली. तीन भाग, सहा तासांहून जास्त. (दुसरा भाग ब्रिटनच्या राणीच्या अंत्यविधीमुळे एक दिवस पुढे गेला होता.) टीव्हीवर येण्याआधी ठिकठिकाणच्या शहरांत प्रेक्षक बोलावून निवडक भाग दाखवले आणि चर्चा ठेवल्या. आमच्या शहरातल्या खेळाला मी गेले होते.

पारिजात म्हणतेय ते तिथे मी डोळ्यांनी पाहिलं. ही मालिका जर्मनीची नाहीच. ती विचारते की अमेरिकेने काय केलं. १९२४ च्या कायद्याने देशवार कोटे बांधून दिले. जर्मनी आणि ऑस्ट्रिया मिळून वर्षाला साधारण २७ हजार माणसं. १९३९ पर्यंत रांगेत तीन लाखांवर अर्ज. बरीच वर्षं तर तोही कोटा भरू दिला नाही, वकिलातींनी कागदपत्रांचा नुसता डोंगर मागितला. जर्मन मुलांपैकी २० हजारांना कोट्याबाहेर घ्यावं असं विधेयक १९३९ मध्ये आलं आणि समितीतच विरून गेलं. 'सेंट लुइस' जहाजावर ९३७ उतारू होते, बहुतेक ज्यू. हवानाने जवळपास कुणालाच उतरू दिलं नाही, अमेरिकेनेही घेतलं नाही, जहाज युरोपला परत गेलं. त्यांतले २५४ पुढे मारले गेले. अॅन फ्रँकच्या वडिलांनी अमेरिकेच्या व्हिसासाठी किती खटपट केली तेही त्यात सविस्तर आहे. त्यांचे आधीचे अर्ज रॉटरडॅमच्या वकिलातीत होते, १९४० च्या बाँबवर्षावात ते जळाले.

माझ्या रांगेत बरीच म्हातारी गोरी जोडपी होती. ही मंडळी अशा कार्यक्रमांना आवर्जून येतात, आपल्या सैन्याने छावण्या मुक्त केल्या हे ऐकायला त्यांना आवडतं आणि ते खरंही आहे. जनमत चाचण्यांचे आकडे पडद्यावर आले, बहुसंख्य अमेरिकनांना जास्त निर्वासित नको होते हे दिसलं, तेव्हा सभागृहात चुळबुळ सुरू झाली. नंतरच्या चर्चेत एका आजोबांनी उठून सांगितलं की माझे वडील या चाचणीत नको म्हणणाऱ्यांतलेच असणार, घरी ते तसंच बोलायचे. एवढं बोलून ते बसले. टीव्हीपुढे घरी हे कुणाला सांगितलं असतं त्यांनी?

मला स्वतःला अजून एक गोष्ट लागली. १९२४ च्या ज्या कायद्याने ज्यूंना दार बंद केलं त्याच कायद्याने आपल्याला, म्हणजे हिंदुस्थानातून येणाऱ्यांनाही, बंदी होती. १९१७ पासूनच होती. आज देशवार मर्यादेमुळे ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं अडकलेले आपले किती लोक आहेत. ती बरोबरी मी करत नाही, आमच्या जिवावर कुणी उठलेलं नाही. पण कोटा म्हणजे काय हे त्या दालनात मला शेजारच्यांपेक्षा लवकर कळलं असावं.

मालिकेच्या शेवटी २०१७ चा शार्लट्सव्हिलमधला गोऱ्या वर्चस्ववाद्यांचा मोर्चा, पिट्सबर्गच्या सिनेगॉगमधला गोळीबार, ६ जानेवारी २०२१ चा अमेरिकन संसदेवरचा हल्ला हे सगळं झरझर येतं. काहींना ते ओढून आणलेलं वाटलं. मला नाही वाटलं.

दिमोनाकर

सर्वांना शलोम. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, आमचं मूळ अलिबागकडचं, घरात अजून मराठीच. इथलं, इस्रायलचं, थोडं सांगते.

आमच्या मोठ्या माणसांना होलोकॉस्ट घरातून माहीत नव्हता. कोकणात आमच्यावर कधी असं काही आलं नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सांभाळून घेतलं. इथे आल्यावर पोलंड-रुमेनियाचे शेजारी मिळाले, हातावर नंबर गोंदलेले. आई सांगते की सुरुवातीला विचारायचं कसं हेच कळत नसे. १९६१ मध्ये ज्यूंना छावण्यांत पाठवण्याची व्यवस्था बघणाऱ्या आइखमान या नाझी अधिकाऱ्याचा खटला जेरुसलेमला चालला तेव्हा इथे टीव्हीच नव्हता. जगभर चित्रण दाखवलं जात होतं आणि ज्यांच्या देशात खटला होता ते रेडिओला कान लावून होते. न्यायालयात जागा पुरेना म्हणून जवळच्या सभागृहात पडद्यावर दाखवायची सोय केली होती, तिथे लोक गर्दी करायचे. शेजारच्या बाई इतकी वर्षं काही बोलल्या नव्हत्या, त्या खटल्यानंतर बोलू लागल्या असं आई म्हणते. साक्षीदार ऐकून त्यांना वाटलं की आता आपल्यावर विश्वास ठेवतील.

योम हाशोआच्या, म्हणजे होलोकॉस्टच्या स्मृतिदिनी, सकाळी दहाला दोन मिनिटं भोंगा होतो, गाड्या रस्त्यावर थांबतात, लोक उतरून उभे राहतात. आदल्या रात्रीपासून करमणुकीची ठिकाणं बंद असतात, टीव्हीवर याच विषयाचे पट लागतात. माझ्या मुलांनी 'शोआ'चे तुकडे शाळेत पाहिलेत. घरी येऊन त्यांनी विचारलं, आपण कोकणात होतो म्हणून वाचलो का? मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार.

काळाघोडा

दिमोनाकर, तुमचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. मुंबईलाही तेव्हा थोडे ज्यू निर्वासित पोचले होते. १९३४ मध्ये इथे ज्यूइश रिलीफ असोसिएशन निघाली. सरकारला हमी लागायची की येणारा माणूस बोजा होणार नाही. ती हमी हे लोक द्यायचे. आकाशवाणीची जी धून आपण लहानपणापासून ऐकतो ती वाल्टर काउफमानची, तो याच लाटेत मुंबईला आला होता. व्हिएन्नाचा चित्रकार लांगहॅमर, त्याची पत्नी ज्यू, त्याच्या घरी रझा आणि आरा यांच्यासारखे तरुण चित्रकार जमायचे.

पण धागाकर्तीच्या प्रश्नाच्या अंगाने दुसरी बाजूही आहे. १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश सरकारने जर्मन म्हणून यांतल्या कित्येकांना पकडलं. हिटलरपासून पळालेली माणसं शत्रू नागरिक ठरली. चौकशी होऊन बरेच सुटले, काही कुटुंबांना पुढे पुरंदर आणि साताऱ्यात नजरकैदेत ठेवलं. पुरंदर चढून जाणाऱ्या किती ट्रेकरना हे माहीत असेल?

चौकस_वाचक

कोल्हापूरजवळच्या वळिवड्यालाही पोलिश निर्वासित होते ना? त्यांचाही यात उल्लेख व्हायला हवा.

विस्तुलाकाठी

उल्लेख हवा, पण वेगळा. वळिवड्याला १९४३ ते १९४८ पर्यंत जवळपास पाच हजार पोलिश होते, बहुतेक कॅथलिक. त्यांना सोव्हिएत सत्तेने सायबेरियात नेऊन टाकलं होतं, तिथून ते इराणमार्गे आले. त्यांचं दुःख मोठंच आहे, पण ती होलोकॉस्टची गोष्ट नाही. दोन्ही एकत्र केलं की दोन्हींवर अन्याय होतो. इथे वॉर्सात हा फरक पुसला की लोक लगेच हटकतात, बरोबरच करतात.

शेवगा

पारिजात, एक शेवटचं विचारते. आमच्या महिला वाचनमंडळात हा विषय घ्यायचा विचार आहे. 'शोआ' सगळा झेपणार नाही, काही जणी सत्तरीच्या आहेत. कुठून सुरुवात करू? आणि बोंबाचा प्रसंग पहिल्याच दिवशी नको.

पारिजात

लांझमानचीच 'फोर सिस्टर्स' ही चार भागांची मालिका घ्या. मुलाखती 'शोआ'साठीच सत्तरच्या दशकात घेतल्या होत्या, पण त्यात मावल्या नाहीत. २०१७ मध्ये न्यू यॉर्कच्या महोत्सवात प्रेक्षकांसमोर आल्या, फ्रान्सच्या थिएटरांत ४ जुलै २०१८ ला लागल्या आणि दुसऱ्या दिवशी लांझमान गेला. चार बायका, प्रत्येकीचा एक भाग, म्हणून महिन्याला एक असं पाहता येईल.

रूथ एलियासचा भाग पहिला ठेवू नका, तो सर्वांत जड आहे. ऑश्विट्झमध्ये तिला मूल झालं आणि मेंगेले या छावणीतल्या नाझी डॉक्टरने त्यावर जो प्रयोग केला तो ती सांगते. पाहण्याआधी मंडळात याची कल्पना द्या, कुणाला नको असेल तर तिने त्या दिवशी येऊ नये. हाना मार्टनच्या भागावर चर्चा सर्वांत जास्त होईल. १९४४ मध्ये कास्टनर या ज्यू नेत्याने नाझींशी सौदा करून हंगेरीतून एक गाडी बाहेर काढली, १,६८४ माणसं. ती त्यांतली एक. आपण त्या यादीत होतो आणि बाकीचे नव्हते, हे ओझं ती लपवत नाही.

सुरुवात मात्र अडा लिख्टमानपासून करा. सोबिबोरच्या मृत्युछावणीत तिला एसएसवाल्यांच्या मुलांसाठी बाहुल्या दुरुस्त करायच्या कामाला लावलं होतं. त्या बाहुल्या मारलेल्या ज्यू मुलांच्या होत्या. मुलाखतीत ती बोलते तेव्हा तिच्या हातात बाहुल्यांचे कपडे आहेत, सुई चालू आहे. शेजारी नवरा बसलाय, तोही त्याच छावणीतून वाचलेला. पाहून झाल्यावर लगेच प्रश्न विचारू नका. दहा-पंधरा मिनिटं चहाला द्या, जुना_सभासद यांनी वर सांगितलंय तसं, आणि मग ज्यांना बोलायचंय त्यांनाच बोलू द्या.

काळाघोडा, पुरंदर-साताऱ्याच्या माहितीसाठी वेगळा धागा काढाल का? इथे ती खाली दबून जाईल.